झिओलाइटच्या पोटातले रेणू: चाळणी की चाळ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकजवळच्या एका खडीच्या खाणीतून मुलाने फिकट गुलाबी स्फटिकांचा गुच्छ आणला. जाणकारांनी तो स्टिलबाइट असल्याचे सांगितले. पुस्तकात वाचले की स्टिलबाइट हा झिओलाइट गटातला, त्याच्या छिद्रांत पाणी अडकलेले असते, तापवले की ते निघून जाते, दगड मात्र जसाच्या तसा राहतो आणि रिकाम्या जागेत दुसरे रेणू घेतो. मग आतले पाणी द्रव असते की बर्फ? आणि दगड त्या रेणूंना नुसता कोंडून ठेवतो, की दोघांचाही एकमेकांवर काही परिणाम होतो?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझी तीसेक वर्षे त्यातच गेली. वायू सुकवणे, अल्कोहोलमधले पाणी काढणे, हवेतून ऑक्सिजन वेगळा करणे, या कामांत झिओलाइट लागतो. कारखान्यात त्याला झिओलाइट कोणी म्हणत नाही, सगळे ‘सिव्ह’ म्हणतात. मॉलिक्युलर सिव्ह, रेणूंची चाळणी. १९३२ साली मॅकबेन या रसायनशास्त्रज्ञाने हा शब्द काढला आणि तो चिकटला तो चिकटलाच. शब्द चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. चाळणीला पिठाशी काही देणेघेणे नसते. मला विचाराल तर झिओलाइट चाळणीपेक्षा गिरगावातल्या जुन्या चाळीसारखा आहे. दार अरुंद, खोल्या लहान, प्रत्येक खोलीत आधीच कोणीतरी पथारी पसरून बसलेले, आणि नवा माणूस आला की सगळ्यांनाच थोडे सरकावे लागते.

नवीन इंजिनिअर कामावर आले की मी त्यांना एकच प्रयोग दाखवायचो. नव्या डब्यातले सिव्हचे मणी, मोहरीपेक्षा थोडे मोठे, मातकट रंगाचे, काचेच्या पेल्यात चार चमचे घ्यायचे आणि वर थोडे साधे पाणी ओतायचे. चर्र असा आवाज येतो, मण्यांतली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते आणि पेला धरवत नाही इतका तापतो. कधी कधी वाफही निघते. जाळ नाही, ज्वलन नाही. पाण्याचे रेणू नुसते छिद्रांत जाऊन बसले, तेवढ्यावर ही उष्णता. वाफेचे पाणी होताना जेवढी उष्णता सुटते, त्याच्या दीडपटीहून जास्त उष्णता वाफ झिओलाइटमध्ये शिरताना सुटते. म्हणजे पाण्याच्या रेणूला दुसऱ्या पाण्यापेक्षा या दगडाची ओढ जास्त आहे. म्हणून म्हणतो, ‘अडकलेले पाणी’ हा शब्द सोडून द्या. ते अडकलेले नाही, ते तिथे राहायला गेले आहे, आणि त्याला बाहेर काढायचे तर ही सगळी उष्णता परत मोजून द्यावी लागते. (हा प्रयोग तळहातावर करू नका. एका उत्साही पोराने ओल्या हातात मूठभर मणी घेतले होते, आठवडाभर हाताला पट्टी होती.)

ही ओढ येते कुठून? झिओलाइटची चौकट सिलिकॉन, ॲल्युमिनिअम आणि ऑक्सिजनची. प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन, प्रत्येक ऑक्सिजन दोघांत सामाईक. चौकट नुसत्या सिलिकॉनची असती तर गारगोटीसारखा विद्युतदृष्ट्या तटस्थ पदार्थ झाला असता. पण जिथे सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनिअम बसतो तिथे चौकटीवर एक ऋणप्रभार उरतो. तो फेडायला सोडिअम, कॅल्शिअम किंवा पोटॅशिअमचे धन आयन लागतात, आणि ते चौकटीत न बसता पोकळीत राहतात. चाळीतली पथारी पसरून बसलेली मंडळी ती हीच. पाण्याचा रेणू एका टोकाला किंचित ऋण, दुसऱ्या टोकाला किंचित धन. तो आत येताच आपले ऑक्सिजनचे टोक सोडिअमकडे वळवतो आणि हायड्रोजनची टोके चौकटीतल्या ऑक्सिजनकडे. अँगस्ट्रॉममध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागात मोजण्याची ही अंतरे. इतक्या जवळून विद्युतक्षेत्र फार जबरदस्त असते.

आता पहिला प्रश्न: द्रव की बर्फ? दोन्ही नाही, आणि झिओलाइटप्रमाणे उत्तरही बदलते. याचा उत्तम नमुना आपल्याच बेसाल्टमध्ये, म्हणजे काळ्या कातळात आहे. नॅट्रोलाइट, मेसोलाइट आणि स्कोलेसाइट ही तीन सुयांसारखी खनिजे. तिघांची चौकट एकच. नॅट्रोलाइटमध्ये ठरावीक जागेत दोन सोडिअम आणि पाण्याचे दोन रेणू असतात. स्कोलेसाइटमध्ये दोन सोडिअमऐवजी एक कॅल्शिअम येतो. प्रभार तेवढाच, पण एक माणूस कमी. रिकाम्या झालेल्या जागेत पाण्याचा तिसरा रेणू येऊन बसतो. मेसोलाइट तर दोघांची खिचडी आहे, पण नीट रचलेली: नॅट्रोलाइटसारखा एक थर, मग स्कोलेसाइटसारखे दोन, पुन्हा एक, पुन्हा दोन. या तिन्हींत पाण्याच्या प्रत्येक रेणूची जागा आणि त्याच्या हायड्रोजनांचे तोंड कुठे हेसुद्धा ठरलेले असते, नाट्यगृहातल्या नंबर घातलेल्या खुर्च्यांसारखे. उलट मोठ्या पोकळ्यांच्या झिओलाइटमध्ये आयनाला बिलगलेले पाणी जागेवर स्थिर, पण मधले पाणी बरेचसे द्रवासारखे हलते. तिथेही ते नेहमीच्या पाण्यासारखे शून्य अंशाला गोठत नाही, कारण बर्फाचा षटकोनी सांगाडा उभारायला लागणारी जागाच नसते. तुमच्या स्टिलबाइटमध्ये वजनाच्या सतरा-अठरा टक्के पाणी असते, आणि त्यातले सगळे सारखे घट्ट धरलेले नसते. म्हणूनच तापवताना ते एका झटक्यात न जाता टप्प्याटप्प्याने जाते.

१७५६ साली स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी असेच एक खनिज फुंकनळीच्या ज्योतीत धरले. ते फसफसले, फुगले, म्हणून त्यांनी ग्रीकमधून ‘उकळणारा दगड’ असे नाव दिले. नाव नेमके आहे. पण ‘दगड जसाच्या तसा राहतो’ हे पुस्तकातले वाक्य सगळ्या झिओलाइटना लागू नाही, आणि तुमच्या गुच्छाला तर नाहीच. चॅबाझाइट नावाचा झिओलाइट किंवा कारखान्यातला ४ए जातीचा सिव्ह (४ए म्हणजे काय ते पुढे येईल) पाणी गेल्यावर चौकट टिकवून धरतो. स्टिलबाइट मात्र तापवत गेलात तर आक्रसतो, चौकटीचे काही सांधे तुटतात आणि फार तापवलात तर पाणी पूर्वीइतके परत घेत नाही. त्याचा भाऊबंद ह्यूलँडाइट साडेचारशे-पाचशे अंशांच्या आसपास कोसळतो, आणि जवळजवळ तीच चौकट असलेला क्लिनोप्टिलोलाइट सातशे अंशांपर्यंत तग धरतो. फरक एवढाच की क्लिनोप्टिलोलाइटमध्ये सिलिकॉनचे प्रमाण जास्त आणि आत बहुधा पोटॅशिअम-सोडिअम, तर ह्यूलँडाइटमध्ये कॅल्शिअमचा भरणा. पाणी गेल्यावर कॅल्शिअमला आधार उरत नाही, तो चौकटीच्या ऑक्सिजनना आपल्याकडे खेचतो आणि घर वाकते. म्हणजे पाणी हा नुसता पाहुणा नव्हता, तो छताला लावलेला टेकूही होता.

उलटही घडते. नॅट्रोलाइटवर पाण्यातून प्रचंड दाब दिला, साधारण दहा हजार वातावरणांच्या घरात, तर तो दबायला हवा. तो फुगतो! २००१-०२ च्या सुमारास क्ष-किरणांनी हे नीट पाहिले गेले. दाबामुळे बाहेरचे जादा पाणी आत घुसते, अखेर आतल्या रेणूंची संख्या दुप्पट होते आणि चौकटीच्या साखळ्या फिरून वाट रुंद करतात. पदार्थ दाबावा आणि त्याने अंग फुगवावे, हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा छपाईची चूक वाटली होती.

आता चाळणीकडे येतो, कारण ती पूर्ण खोटीही नाही. १९२५ साली वायगेल आणि श्टाइनहोफ यांनी दाखवले की सुकवलेला चॅबाझाइट पाणी, मेथनॉल, इथेनॉल आत घेतो, पण ॲसिटोन, ईथर, बेन्झीन बाहेर ठेवतो. दाराच्या मापाचा खेळ. पुढे कृत्रिम झिओलाइट आले आणि दाराचे माप हवे तसे ठरवता येऊ लागले. ‘ए’ जातीच्या झिओलाइटचे दार म्हणजे आठ ऑक्सिजनचे कडे. त्याच्या तोंडाशी सोडिअम असेल तर वाट चार अँगस्ट्रॉमची, म्हणून ४ए. सोडिअमच्या जागी जाडजूड पोटॅशिअम आला की तीन, म्हणून ३ए. दोन सोडिअमऐवजी एक कॅल्शिअम आला की बरीच दारे मोकळी होतात, तो ५ए. चौकट एकच, फक्त दाराशी बसणारा बदलला.

आपल्याकडच्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत याच ३ए वर इंधनाचे इथेनॉल तयार होते. साध्या ऊर्ध्वपातनाने अल्कोहोल वजनाने ९५.६ टक्क्यांच्या पुढे जात नाही, तिथे पाणी आणि अल्कोहोल एकत्रच उकळतात. मग ती वाफ ३ए च्या बेडमधून, म्हणजे मण्यांनी भरलेल्या टाकीतून नेतात. पाण्याचा रेणू २.६५ अँगस्ट्रॉमचा, तो आत जातो. इथेनॉल त्याहून बरेच मोठे, ते बाहेरून पुढे निघून जाते आणि शुद्धता ९९.५ च्या वर पोचते. एका डिस्टिलरीतून एकदा मला बोलावणे आले. बेड नवीन, शुद्धता बरी, पण मण्यांतले पाणी काढून बेड मोकळा करताना त्याबरोबर इतके अल्कोहोल परत येत होते की ऊर्ध्वपातनाच्या मागच्या स्तंभावर भार पडून उत्पादन घसरले होते. दोन दिवस व्हॉल्व्ह, दाब, तापमान तपासण्यात गेले. तिसऱ्या दिवशी मी बेडमधले मूठभर मणी सुकवून निर्जल अल्कोहोलमध्ये टाकले. पेला हाताला चांगलाच गरम लागला. ३ए असते तर फार तर कोमट झाला असता. पुरवठ्यात कुठेतरी पोती बदलली होती आणि ३ए च्या जागी ४ए भरले गेले होते. दिसायला दोन्ही मणी जुळे भाऊ. फरक काय तो दाराशी सोडिअम बसला आहे की पोटॅशिअम.

पण दार हे भिंतीतले भोक नव्हे. चौकटीचे अणू सतत थरथरतात, कडे आत-बाहेर होते, म्हणून कागदावर न मावणारे रेणूही थोडे उष्ण केल्यावर शिरतात. त्याहून गमतीचा प्रकार २०१२ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी चॅबाझाइटमध्ये दाखवला. दाराच्या मधोमध सीझिअमसारखा मोठा आयन बसलेला. कार्बन डायऑक्साइड आला की तो आयनाला आपल्याकडे ओढून क्षणभर बाजूला सरकवतो, आत जातो आणि आयन पुन्हा दाराशी. कार्बन मोनॉक्साइडलाही हे जमते. जवळपास तेवढ्याच आकाराच्या नायट्रोजनला जमत नाही, तो बाहेरच उभा. इथे रेणूचे माप कोणी घेतलेच नाही. द्वारपालाशी बोलता येते का, एवढेच पाहिले गेले.

ऑक्सिजनचे यंत्र हा चाळणीच्या कल्पनेला सगळ्यात मोठा धक्का. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, घराघरांत हे शब्द पोचले: कॉन्सन्ट्रेटर, पीएसए प्लांट (दाब कमी-जास्त करून वायू वेगळे करणारी यंत्रणा). हवा झिओलाइटमधून दाबाने न्यायची, नायट्रोजन मागे राहतो, ऑक्सिजन पुढे येतो. बहुतेकांना वाटते नायट्रोजन मोठा म्हणून अडकतो. प्रत्यक्षात इथल्या दारांतून दोघेही आरामात जातात, आणि जो आत थांबतो तो नायट्रोजनच. कारण त्याच्यातला इलेक्ट्रॉनांचा पसारा ऑक्सिजनपेक्षा जास्त असमान आहे, त्यामुळे लिथिअम किंवा सोडिअमच्या आयनांजवळचे विद्युतक्षेत्र त्याला जास्त घट्ट धरते. दाब काढला की सोडून देते. दर काही सेकंदांनी हे घेणे आणि सोडणे दोन स्तंभांत आळीपाळीने चालते. आर्गॉन मात्र ऑक्सिजनसारखाच वागतो आणि त्याच्याबरोबर बाहेर येतो. हवेत २१ टक्के ऑक्सिजन आणि सुमारे एक टक्का आर्गॉन, म्हणून सगळा नायट्रोजन काढला तरी शुद्धता ९५-९६ च्या वर जात नाही. यंत्रावर ९३ लिहिलेले असते ते यामुळे, त्यात विक्रेत्याची लबाडी नाही. त्याच एप्रिलमध्ये आयआयटी मुंबईने नायट्रोजन बनवणारा पीएसए प्लांट ऑक्सिजनसाठी वळवून दाखवला, आणि त्यातला मुख्य बदल होता कार्बनचा सिव्ह काढून झिओलाइटचा भरणे. कार्बनच्या सिव्हमध्ये ऑक्सिजन आधी घुसतो, झिओलाइटमध्ये नायट्रोजन टिकतो. टाकी तीच, आतला यजमान बदलला.

त्याच लाटेनंतरचा एक अनुभव. किनाऱ्यावरच्या एका छोट्या रुग्णालयात देणगीतून आलेली यंत्रे पहिल्या गर्दीनंतर कोपऱ्यात गेली, वर प्लास्टिक टाकले, नळ्यांची तोंडे उघडीच. एक कोकणातला पावसाळा गेला. पुन्हा चालू केली तेव्हा ऑक्सिजन सत्तरच्या घरात. कॉम्प्रेसर ठीक, फिल्टर ठीक. झिओलाइटला नायट्रोजनपेक्षा पाणी कितीतरी प्रिय, त्यामुळे हवेतल्या दमटपणाने चार महिन्यांत सगळ्या खोल्या बळकावल्या होत्या. नायट्रोजन येणार कुठे? ते पाणी काढायला तीनशेच्या आसपास अंश लागतात, आणि घरगुती यंत्रात तशी सोय नसते. स्तंभ बदलावे लागले. ज्यांच्या घरी अशी यंत्रे पडून आहेत त्यांनी महिन्यातून एकदा तरी तासभर चालवावीत, आणि बंद असताना तोंडे बुचाने बंद ठेवावीत.

रेणूवर दगडाचा परिणाम होतो का, याचे उत्तर वेगळ्या अर्थानेही हो आहे. काही झिओलाइट आत रेणू बदलतात, आणि कोणता रेणू बाहेर पडेल हे बोळाची रुंदी ठरवते. सरळ अंगाचा पॅराझायलीन झेडएसएम-५ या कृत्रिम झिओलाइटच्या बोळातून त्याच्या आडव्या भावंडांपेक्षा हजारपट वेगाने निसटतो, आणि पॉलिएस्टरला नेमका तोच हवा असतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी यांच्या काळात एन्सिलाइट नावाने या जातीचे उत्प्रेरक घडले. तो स्वतंत्र विषय आहे.

खरेच ‘अडकलेला’ म्हणावा असा रेणू पाहायचा असेल तर कपड्यांच्या निळीच्या पुडीत पाहा. पातळ बाटलीतली नीळ नव्हे, जुनी भुकटीची. ती म्हणजे अल्ट्रामरीन, आणि त्याचे नैसर्गिक रूप लॅपिस लाझुली. अजिंठ्याच्या चित्रांतला तो गडद निळा अफगाणिस्तानातल्या बदख्शानचा. याची चौकट सोडालाइट या खनिजाची, म्हणजे लहान पिंजऱ्यांची, आणि तोच पिंजरा ४ए झिओलाइटमध्ये विटेसारखा वापरलेला असतो. पिंजऱ्यात गंधकाच्या तीन अणूंचा एक ऋणप्रभारित रेणू असतो. मोकळ्या हवेत तो क्षणभरही टिकत नाही. पण भट्टीत चौकट त्याच्याभोवतीच उभी राहते, दारे त्याच्या मानाने फार अरुंद, तो बाहेर पडू शकत नाही आणि ऑक्सिजन आत येऊ शकत नाही. पिवळा-नारिंगी प्रकाश तो गिळतो, आपल्याला निळा दिसतो. चौकट स्वतः रंगहीन आहे. शेकडो वर्षे टिकलेला तो निळा रंग म्हणजे कोंडलेल्या गंधकाचा. (पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतले कॅव्हन्साइट हे खनिजही झगझगीत निळे, त्याच्याही पोकळीत पाणी असते, पण त्याचा रंग चौकटीतल्या व्हॅनेडिअमचा, पाहुण्यांचा त्यात वाटा नाही. दोघांची गल्लत नेहमी होते.)

आणि हे सगळे झिओलाइटपुरतेच नाही. पाचूच्या जातीच्या बेरिलमध्ये पाच अँगस्ट्रॉमच्या उभ्या नळ्या असतात, त्यांत पाण्याचा एकेक रेणू सुटा असतो. २०१६ साली अमेरिकेतल्या ओक रिजच्या न्यूट्रॉन प्रयोगांत दिसले की अतिथंड अवस्थेत तो रेणू सहा जागांपैकी कुठल्याही एका जागी नसतो, सहाही ठिकाणी पसरलेला असतो. पुंजभौतिकीचा हा खेळ बाहेरच्या पाण्यात दिसत नाही, कारण तिथे शेजारी त्याला धरून ठेवतात.

मुलाला घरी काही करून पाहायचे असेल तर अख्खा गुच्छ तापवू नका, तो खराब होईल आणि मग हळहळाल. खाणीतून आणलेल्या तुकड्यांत हिरवट किंवा पारदर्शक चौकोनी स्फटिकही असतील, तो बहुधा अपोफिलाइट. त्यातही पाणी आहे, पण तो झिओलाइट नाही, म्हणून तुकडा निवडताना गव्हाच्या पेंढीसारखा मधे आवळलेला आणि मोत्यासारखी झळाळी असलेला घ्या. हरभऱ्याएवढी चिपळी कोरड्या परीक्षानळीत टाकून नळी आडवी धरा आणि चिपळीच्या टोकाला स्पिरिटच्या दिव्यावर हळूहळू तापवा, डोळ्यांवर चष्मा हवाच. मिनिटभरात नळीच्या थंड टोकाला दव धरेल, मग थेंब होतील. चिपळी अपारदर्शक पांढरी पडेल. दुसरा प्रयोग निळीचा: चिमूटभर भुकटीवर लिंबाचा रस पिळा आणि थोडा वेळ थांबा. आम्ल चौकट फोडते, पिंजरे उघडतात, निळा रंग विझतो आणि सडक्या अंड्याचा वास येतो. खिडकी आधीच उघडून ठेवा.